किल्ले आठवतात, कारखाने नाही

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगून ठेवतो. वेळ असेल तर आत्ता वाचा, नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर वाचा. पण अर्धी वाचून कमेंट करू नका.

११ जुलै २०२५ ला मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात आपला रायगड आहे आणि थळच्या समोरचा खांदेरीही आहे. त्या दिवशी अलिबाग तालुक्यातल्या निम्म्या लोकांच्या डीपीवर किल्ला आला होता. मीही बातमी केली, पेढा खाल्ला. अभिमान वाटायलाच हवा, त्याबद्दल वादच नाही.

पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आपल्या किनाऱ्यावर पूर्वी काय होतं असं कुणी विचारलं की आपण बोटं मोडून किल्ले सांगतो. कुलाबा, खांदेरी, उंदेरी, कोर्लई, रेवदंडा, जंजिरा. आता उलटा प्रश्न विचारून बघा. इथे बनत काय होतं? कुठला माल तयार व्हायचा, कोण करायचं, कुठे बसून करायचं? समोरचा गप्प होतो. फार तर म्हणतो, "मासळी आणि नारळ-सुपारी, आणखी काय!"

माझं चौलशी घरचं नातं आहे, म्हणून मला हे जास्त लागतं. कारण चौल म्हणजे काही शतकं या किनाऱ्यावरचं कारखानदार शहर होतं. नुसतं बंदर नाही. इथे माल तयार व्हायचा आणि जहाजात चढायचा.

जरा मागे जाऊ. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक-रोमन लिखाणात सेमिल्ला किंवा सिमिल्ला असं नाव येतं ते चौलचं. टॉलेमीने लिहिलंय, पेरिप्लसमध्ये आहे. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांमधल्या शिलालेखांत चेमुलच्या लोकांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. चेमुल म्हणजे आपलंच चौल. म्हणजे त्या काळी इथली माणसं इतकी कमावती होती, की खाडी ओलांडून साष्टीतल्या डोंगरात जाऊन दानधर्म करत होती. पुढे अरब प्रवासी अल् मसूदी साधारण ९१६ च्या सुमारास इथे आला. त्याने गावाचं नाव सैमूर लिहिलं आणि इथे दहा हजार मुसलमान राहतात असं नोंदवलं. १४६९ च्या आसपास रशियातला अफनासी निकितिन घोडा घेऊन चौलला उतरला. वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. त्याचं स्मारक रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात आहे. किती जणांनी थांबून पाहिलंय?

मग पोर्तुगीज आले. १५०८ मध्ये चौलच्या खाडीच्या तोंडाशी मोठी आरमारी लढाई झाली. त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. १५२१ मध्ये त्यांनी रेवदंड्याला किल्ल्याचं काम सुरू केलं. त्यानंतर दोन चौलं झाली. निजामशाहीचं वरचं चौल आणि पोर्तुगीजांचं खालचं चौल, म्हणजे आजचं रेवदंडा. शिरगणतीतली दोन गावं आज लागून आहेत, रिक्षावाला दहा मिनिटांत एकातून दुसऱ्यात नेतो. पण तेव्हा त्या दोघांमध्ये दोन राज्यांची सीमा होती. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने खालच्या चौलला कित्येक महिने वेढा घातला होता.

आणि या सगळ्या मारामारीत माग चालू होते, हे लक्षात घ्या.

लिन्स्खोटेन नावाचा डच माणूस १५८० च्या दशकात गोव्यात आर्चबिशपच्या नोकरीत होता. त्याचं पुस्तक १५९६ ला छापलं गेलं. त्यात चौलचं वर्णन आहे. चीनमधून कच्चं रेशीम यायचं, ते इथे कातलं जायचं, विणलं जायचं आणि तयार कापड सगळीकडे जायचं. त्याशिवाय इथे लाकडी पेट्या, लिहायच्या मेजपेट्या आणि लाखकाम केलेले पलंग बनायचे, त्याचंही त्याने कौतुक केलंय. नंतर आलेला फ्रेंच प्रवासी पिरार यानेही चौलच्या रेशमाची तारीफ केली आहे.

आता हे नीट डोळ्यांसमोर आणा. कच्चा माल चीनमधून, कारागीर आपले, गिऱ्हाईक गोव्यापासून युरोपपर्यंत. आज ज्याला आपण एक्स्पोर्ट युनिट म्हणतो ते चारशे वर्षांपूर्वी चौलच्या गल्ल्यांत, घराघरांत होतं. रेशीम उलगडणारे, रंगवणारे, विणणारे, पेट्यांचे सुतार, लाखेचे कारागीर, जहाजाचे सुतार, दोर वळणारे, चुना भाजणारे. एवढी माणसं असल्याशिवाय असा माल बाहेर पडत नाही.

त्यातलं काय उरलं? रेशमाचा एक धागा नाही, लाखेची एक पेटी नाही. सावंतवाडीची गोष्ट बघा. तिथलं लाखकाम आणि गंजिफाही मरायला टेकले होते. पण राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागीर बसवले आणि कला वाचली. आज माणसं लांबून गंजिफा घ्यायला जातात. चौलच्या लाखकामाच्या मागे उभं राहायला कुणी नव्हतं. कारण शहरच उठून गेलं होतं.

कसं गेलं, ते एका दिवसात नाही. एक, मुंबई वाढली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इंग्रजांकडे आली आणि त्यांनी पहिल्या झपाट्यात जी माणसं बोलावली त्यात चौलचे विणकर होते. त्यांच्यासाठी मुंबईत वेगळी गल्ली वसवली. कारखाना मोडायची गरजच पडली नाही, कारागीर नेले की पुरतं. दोन, खाडी गाळाने भरत गेली आणि मोठी जहाजं मुंबईकडे वळली. तीन, १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पुढच्याच वर्षी तहात चौल मराठ्यांकडे आलं. आपल्यासाठी तो विजय आहेच. पण ज्या पेठेचं गिऱ्हाईक गोवा आणि पोर्तुगाल होतं, ती पेठ त्यानंतर कुणासाठी विणणार?

पोर्तुगीज गेले, पण कोर्लईत त्यांची भाषा राहिली. आजही कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत घरात जी बोली बोलतात ती पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली आहे, जगात दुसरीकडे कुठेही नाही. म्हणजे बोली टिकली, माग टिकले नाहीत. बोली आईकडून मुलाकडे फुकट जाते. मागाला मात्र रोज कच्चा माल लागतो आणि गिऱ्हाईक लागतं.

आज रेवदंड्याला जा. मुख्य रस्ता किल्ल्याच्या तटातूनच आत शिरतो, एसटी त्यातूनच जाते. आत नारळीच्या वाड्यांमध्ये चर्चच्या आणि मठाच्या भिंती उभ्या आहेत. सातखणी बुरूज म्हणून आपण जो दाखवतो तो खरं तर फ्रान्सिस्कन चर्चचा मनोरा. मोजायला गेलात तर सात खण भरत नाहीत, वरचे केव्हाच पडले. खाली तोफगोळे पडलेत आणि त्यांच्यावर बसून पोरं रील काढतात. तटाच्या दगडांच्या मधला चुना नखाने खरवडून बघा. शिंपल्यांचे पांढरे तुकडे दिसतील. खाडीतली शिंपली भट्टीत भाजून केलेला चुना. ज्याने तो चुना भाजला त्याचा पत्ता कुठल्याही फलकावर नाही. फलकावर कॅप्टनची नावं असतात.

कुलाबा किल्ल्यावरही तेच. शिवरायांच्या आज्ञेने १६८० मध्ये बांधायला घेतलेला किल्ला. ओहोटीला चालत जातो आपण. त्याच्या तटाचे मोठाले दगड चुना न भरता नुसते एकावर एक रचलेत. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं, जोर तिथेच मोडतो आणि तट जागेवर राहतो. साडेतीनशे वर्षं राहिलाय. शाळेतली पोरं सहलीला येतात तेव्हा त्यांना आंग्र्यांची गोष्ट सांगतात, सांगायलाच हवी. पण हा दगड असा रचायचा हे ज्या पाथरवटाला सुचलं, त्याच्या डोक्याची गोष्ट कुणी सांगत नाही. मला विचाराल तर इंजिनीअरिंगच्या पोरांची पहिली सहल तिथेच न्यावी.

आता किल्ले सोडून घरांकडे येतो, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे.

अष्टागरातलं जुनं घर म्हणजे काय? खाली दगडी जोतं. पुढे ओटी, मग पडवी, आत माजघर, देवघर, मागे स्वयंपाकघर आणि परसू. माळ्यावर भात, खोबरं, जुनी भांडी. खांब सागाचे नाहीतर फणसाचे. छपराला पोफळीच्या चिरलेल्या रिपा, कारण पोफळ वाडीतच असते, विकत आणावी लागत नाही. वर आधी कुंभाराच्या हातची नळीची कौलं होती, नंतर मंगलोरी आली. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगलोरला काढला आणि मग ती कौलं गलबतांनी किनाऱ्याकिनाऱ्याने वर आली. तुमच्या घरावरचं एखादं जुनं कौल उतरवलं तर उलटं करून बघा. कारखान्याचं नाव आणि शिक्का असतो.

म्हणजे एका घरात किती कारखाने झाले? पाथरवट, सुतार, कुंभार, चुनेवाला, लोहार आणि लांब मंगलोरचा कौलवाला. वाडीत विहिरीवर रहाट. त्याचं लाकूडकाम सुताराचं, मडकी कुंभाराची, दोर काथ्याचा आणि फिरवायला घरचा बैल. हे सगळं चालू होतं तेव्हा ती माणसं एकमेकांच्या आळीत राहायची. इलेक्ट्रिक मोटर आली आणि रहाट गेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आमचे आण्णा मोटर बसवली त्या दिवशी इतके खूश होते, की त्यांनी रहाटाचं चाक चुलीत घातलं असतं, आजीने अडवलं म्हणून राहिलं. ते चाक अजून आमच्या परसात भिंतीला टेकून आहे.

आणि ते घर आता विकलं जाणार आहे. हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं, पण लिहितो. कारण हे माझ्या एकट्याचं नाही, वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरात हेच चालू आहे.

वाडीच्या सातबाऱ्यावर आम्हा सात जणांची नावं आहेत. दोघं मुंबईत, एक पुण्यात, एक बहीण बडोद्याला. अटल सेतू सुरू झाला १२ जानेवारी २०२४ ला आणि तेव्हापासून एजंटांचे फोन थांबत नाहीत. रेवस-कारंजा पूल होईल, सागरी महामार्ग होईल, भाव अजून चढेल, म्हणून आत्ताच टोकन घ्या. गिऱ्हाईक आलंय, सहा जण तयार आहेत, सातवा मी. घर पाडून तिथे तीन बंगले आणि एक पोहायचा तलाव होणार आहे. जुन्या लाकडाचा वेगळा भाव लावलाय, ते मुंबईच्या हॉटेलांत सजावटीला जातं म्हणे.

माझ्या चुलत भावांना मी नावं ठेवणार नाही. थोरल्याच्या बायकोच्या डायलिसिसचा खर्च मला माहीत आहे. पुण्यातल्या भावाच्या मुलीची फी मला माहीत आहे. बहिणीने तर सरळ विचारलं, "भाऊ, तुला वारसा पाहिजे तर माझा हिस्सा तू विकत घे." पत्रकाराच्या पगारात एक पडवी येणार नाही. आणि खरं सांगायचं तर जुनं घर सांभाळणं म्हणजे काय असतं ते बाहेरच्याला कळत नाही. दर मेमध्ये कौलं शाकारायची, शाकारणारा माणूस मिळत नाही. वाळवी लागली की खांब आतून पोकळ. संडास घराबाहेर, म्हाताऱ्या माणसाने पावसात रात्री जायचं कसं? जो माणूस शहरात टू बीएचकेत राहून "जुनं ते सोनं" म्हणतो, त्याला एक श्रावण आमच्याकडे ठेवायची माझी तयारी आहे.

तेव्हा "घरं पाडू नका" असा उपदेश मी करणार नाही. मला तो हक्क नाही. पण घर पडायच्या आधी मी एक काम केलं. गावातले एक म्हातारे सुतार आहेत, त्यांना घेऊन गेलो. पुतण्या आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याला टेप घेऊन बोलावलं. दोन दिवस आम्ही घर मोजलं. सुतारकाका एकेका सांध्याला हात लावून सांगत होते. या लाकडाचं टोक त्या लाकडाच्या भोकात बसवलंय, वरून लाकडी खुंटी ठोकलीय, अख्ख्या छपरात लोखंडी खिळा नाही. का? तर खाऱ्या हवेत खिळा गंजतो, गंजला की फुगतो आणि लाकूड फाडतो. माजघराचा दरवाजा मुद्दाम ठेंगणा, आत येणारा वाकूनच येणार. ओटीचा उतार पाण्याच्या हिशोबाने. पुतण्या म्हणाला, "काका, आम्हाला दोन वर्षांत हे कुणी शिकवलं नाही." सुतारकाका हसले, म्हणाले, "आम्हाला तरी कुणी शिकवलं? बापाच्या मागे हत्यारं उचलून फिरलो."

त्यांची दोन्ही मुलं आज फर्निचरच्या कारखान्यात प्लायवूड कापतात.

हे सगळं जगात आपल्याच नशिबी आलंय असं नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात लॉवेल नावाचं शहर आहे. मी गेलेलो नाही, वाचलंय. १८२० च्या दशकात नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या कापड गिरण्यांसाठी ते शहर वसवलं. आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या मुली गिरणीत कामाला यायच्या आणि कंपनीच्या खानावळींत राहायच्या. गिरणगावातल्या आपल्या कोकणी माणसासारखंच, फक्त इथे बाप्ये होते. पुढे धंदा दक्षिणेकडच्या राज्यांत गेला आणि विसाव्या शतकात लॉवेल ओस पडलं. गिरण्या पाडायच्या म्हणत होते. पण १९७८ मध्ये अमेरिकन सरकारने त्या गिरण्या, कालवे, खानावळी मिळून राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान जाहीर केलं. राजाचा महाल नाही, किल्ला नाही, गिरण्या! बूट मिल नावाच्या गिरणीत आज संग्रहालय आहे आणि तिथे जुने माग अजून चालवून दाखवतात. आवाज इतका, की आत जाताना कानात घालायला बोळे देतात. बाकीच्या गिरण्यांमध्ये घरं झाली, ऑफिसं झाली. शहराला नवं काम मिळालं आणि जुन्या विटा जागेवर राहिल्या.

आपल्याकडे काय झालं? जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, त्यात कोकणातली किती घरं होती ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. गिरण्या गेल्या, त्या जागी मॉल आणि टॉवर आले. फिनिक्समध्ये चिमणी तेवढी शोभेला ठेवली. माझ्या ओळखीचे एक आजोबा नातवाबरोबर तिथे गेले होते. ते चिमणीकडे बघत राहिले आणि नातू आइस्क्रीमच्या रांगेत उभा होता. लॉवेलमध्ये त्याच आजोबांना कदाचित माग चालवून दाखवायच्या कामावर घेतलं असतं.

आपल्या किनाऱ्यावर टिकलेल्या गोष्टीही आहेत, त्या का टिकल्या ते बघू.

अलिबागची वेधशाळा. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालायची. मग विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेमुळे मोजणी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये नवी वेधशाळा अलिबागला बांधली. तिच्या बांधकामात चुंबकाला न ओढणारा पोरबंदरी दगड निवडून वापरला आणि लोखंड टाळलं. म्हणजे एक इमारत, जिच्यात लोखंडाचा खिळासुद्धा परवडत नाही! शंभर वर्षांहून जास्त काळ तिथे मोजणी चालू आहे, जगभर ती आकडेवारी वापरली जाते. ही इमारत वारसा म्हणून टिकलेली नाही. तिच्यात रोजचं काम चालू आहे म्हणून ती टिकली.

पेण बघा. गणपतीचे कारखाने. आपण त्याला कारखानाच म्हणतो, कला केंद्र म्हणत नाही, आणि तेच बरोबर आहे. पेण शहर, हमरापूर, जोहे या भागात घराच्या पडवीत, ओटीवर, प्लास्टिक ताणलेल्या मांडवात बारा महिने काम चालतं. साचा काढणारा वेगळा, रंग देणारा वेगळा, डोळ्यांची आखणी करणारा वेगळा. आखणीवाल्याचा हात थरथरला की मूर्ती गेली. शाडू आणि प्लास्टरचा वाद कोर्टात गेला, जून २०२५ ला उच्च न्यायालयाने मूर्ती बनवायला मोकळीक दिली आणि विसर्जनावर अटी ठेवल्या. तो वाद कसाही सुटो. पण त्या वादात एक दिसलं. पेणचा कारागीर बोलायला उभा राहतो, त्याची संघटना आहे, त्याच्या मागे बाजार आहे. म्हणून त्याचं घर पडवीसकट उभं आहे. पडवी गेली तर मूर्ती सुकवायची कुठे?

आणि जे गेले त्यांची खूण बघा. आपल्याकडचे बेने इस्रायली. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. रेवदंड्याचं सिनेगॉग १८४२ चं, अलिबागच्या इस्रायल आळीतलं १८४८ चं. इस्रायल देश झाल्यावर बहुतेक घरं गेली. घाणे गेले, तेल गेलं. राहिली ती आडनावं. चेऊलकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर, आणि ती आता हैफा आणि अश्दोदच्या दारांवर लागलीत. ती माणसं सुट्टीत येतात, सिनेगॉग बघतात आणि विचारतात, आमच्या आजोबांचा घाणा कुठे होता? आपल्याला दाखवता येत नाही. जागा कुणी लिहून ठेवली नाही.

आक्षीचा शिलालेखच घ्या ना. शके ९३४ चा, म्हणजे १०१२ चा मानला जातो. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक. तो दगड वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला होता आणि आपण त्याच्या बाजूने गाड्या काढत होतो. अक्षरं कोरलेल्या दगडाची ही गत, तर बिनअक्षराच्या रहाटाची काय कथा.

काही मित्र म्हणतील, "वारसा खाऊन पोट भरतं का?" नाही भरत. पण मग सगळ्या किनाऱ्याने बंगल्यांचे गेट करून, वॉचमन होऊन, वीकेंडच्या खोल्या झाडून तरी किती पिढ्या भरणार? साळावला पोलादाचा कारखाना आहे, थळला खताचा आहे, आपली पोरं तिथे काम करतात, चांगलं आहे. पण हा किनारा म्हणजे नुसता रिसॉर्ट आणि मजूर पुरवठा नाही. इथल्या माणसाच्या हातात दोन हजार वर्षं कसब होतं. हे पोराला माहीत असणं आणि नसणं यात फरक आहे. माहीत असलेला पोरगा सुतारकी शिकायला लाजत नाही.

तेव्हा मागणं मोठं नाही. सरकारकडे कोटींचा प्रस्ताव नको, तो येईल तेव्हा येईल. ही तीन कामं गावातच होतात.

एक. मुंबईला वारसा इमारतींची नियमावली १९९५ पासून आहे. आपल्या गावांना काही नाही. पण ग्रामपंचायतीत नमुना आठचं रजिस्टर असतं, घरपट्टीचं. त्यात प्रत्येक घर, त्याचं बांधकाम कसलं, मालक कोण, हे असतंच. त्यातून जुन्या घरांची यादी वेगळी काढायला एका शिपायाचे आणि एका क्लार्कचे चार दिवस लागतील. १ मे किंवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. ठराव एवढाच, की यादीतलं घर पाडायच्या आधी मोजून आणि फोटो काढून त्याची नोंद ग्रामपंचायतीत ठेवायची. पाडायला बंदी नाही. फक्त नोंद. कुणाचं एक रुपयाचं नुकसान नाही.

दोन. हत्यारं. पटाशी, रंधा, कुंभाराचं चाक, घाण्याची लाट, होडीच्या सुताराचा वाकस, रहाटाची मडकी. भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. एखाद्या शाळेने किंवा वाचनालयाने एक खोली दिली तरी पुरे. आमच्या रहाटाचं चाक मी त्या खोलीला देतो, आजच जाहीर करतो.

तीन. माणसं. सत्तरीच्या पुढचा एकेक सुतार, पाथरवट, होडीवाला, आखणीवाला. त्यांच्यापुढे मोबाईल धरा आणि बोलू द्या. रील नको, अर्धा तास. काय विचारायचं सुचलं नाही तर एवढंच विचारा, "काका, हे असं का करायचं?" बाकीचं ते सांगतील.

आमच्या घराच्या कागदावर माझी सही व्हायची आहे. बहुधा होईल. सहा जणांच्या गरजा माझ्या हौसेपेक्षा मोठ्या आहेत. पण गिऱ्हाइकाला मी एक अट घातलीय. लाकूड हॉटेलला जायच्या आधी छपराचा एक अख्खा सांधा, खुंटीसकट, मी काढून घेणार. तो म्हणाला, घ्या, काय करणार त्याचं? म्हटलं, पोरांना दाखवणार.

तुमच्या घरात, आळीत, वाडीत असं काय उरलंय? कमेंटमध्ये फोटो टाका आणि खाली एवढं लिहा, कुणी बनवलं, कुठे बनवलं, आणि ते बनवणारं आता कुणी आहे का. चौल, रेवदंडा, नागाव, आक्षी, कोर्लई, पेण, उरण, मुरूड, सगळीकडचं चालेल. ग्रामपंचायत सदस्य यादीत बरेच आहेत, त्यांना मुद्दाम टॅग करतोय. उत्तर दिलं नाहीत तर ग्रामसभेत भेटूच.